शिवाच्या लग्नाचा खर्च

गिरगाव,
२४ जानेवारी १९५६

प्रिय बंडू,

तुझी तार पोचली. आम्ही सगळे धडधाकट आहोत, कर्फ्यू उठलाय, दूधही यायला लागलंय. पण आपला शिवा माळी गेला रे. कसा गेला ते सांगायचं तर तुझ्यावर चिडावं लागणार, आणि चिडायचंही त्राण उरलेलं नाही मला.

भायखळ्याला मी रोपांची वाडी काढली तेव्हा तू 'ताईचं कोर्ट भरलं' म्हणून चिडवायचास. कुणी कामाला आला की मी विचारायचे, तुला कुणी आणलं, कुणाचं देणं आहे, मनात आलं तर गावी जाता येतं का. पगार ज्याचा त्याच्या हातात, मुकादमाच्या नाही. खत-माती देणाऱ्यांनाही तेच प्रश्न. तांबडी माती पुरवणारा चिंतामणी शेट डहाणूकडचा, त्याच्या गाडीवर शिवा यायचा. शिवाच्या बापाने लग्नासाठी शेटकडून पैसे घेतले, म्हणून बाप जन्मभर राबला आणि त्याच्यामागे हा. लग्नगडी म्हणतात त्यांच्याकडे. लग्नाचा खर्च करील तो मालक, नवऱ्याचा आणि बायकोचाही. कायद्याने म्हणे बंद झालंय! मी शेटला बजावलं, ह्याला सोड, नाहीतर तुझी माती नको. त्याने शिवाला सोडलं आणि गाड्या दुसऱ्या नर्सरीवाल्यांकडे वळवल्या. त्यांनी हसत घेतल्या. गाडीवर शिवाच्या जागी दुसरा कुणी बसला, एवढाच काय तो फरक.

पण शिवा तरी सुटला होता. पगार घ्यायचा, चैन करायचा, शिमग्याला न सांगता गावी पळायचा. इकडे माझा मोगरा सुकायचा. परत आला की मी चार शिव्या हासडायचे आणि तो दात काढत झारी उचलायचा. आतून मला किती बरं वाटायचं, काय सांगू.

मग वैशाखात तू रजेवर आलास. शिवाचं लग्न ठरलंय कळल्यावर तुला राहवेना. चांगल्या मनाचा तू, मी कुठे नाही म्हणते? लुगडी, तांदूळ, वाजंत्री, सगळं तू केलंस. वर त्यांच्या पाड्यावर जाऊन, चटईवर बसून, चारचौघांदेखत मुलीच्या बापाच्या हातात पैसे ठेवलेस. आल्यावर रात्रभर तिथल्या नाचाचं कौतुक सांगत होतास. मीसुद्धा हसत ऐकलं. जगाला प्रश्न विचारणाऱ्या मला घरातल्या माणसाला अडवायचं सुचलं नाही.

तू दिल्लीला गेलास आणि पहिल्याच शनिवारी शिवाने पगार घेतला नाही. मी हातात कोंबला, तर तुळशीपाशी ठेवून निघून गेला. त्याची नवी नवरी रखमाही न सांगता भांडी घासायला बसली. मी म्हटलं, अरे वेड्या, ते बक्षीस होतं. तर म्हणाला, लग्नाचं कुणी बक्षीस देतं का बाई? सगळ्यांनी पाहिलंय. बंडूशेटचं खाऊन वर पगार घेतला तर पाड्यावर तोंड कसं दाखवू? समजावून समजावून माझ्या नाकी नऊ आले, पालथ्या घड्यावर पाणी. गणपतीत तुला लिहिलं, तर तुझं उत्तर आलं, 'इमानी माणूस आहे, जप त्याला.' वाचून कपाळावर हात मारून घेतला मी.

आणि आता हे. गोळीबार सुरू झाला तसं मी जिन्याखालच्या शिवा-रखमाच्या खोलीला बाहेरून कडी घालायची तेवढी बाकी ठेवली होती. वाडीतल्या कुंड्या मरू देत, पण तू पाऊल बाहेर टाकू नकोस, म्हणून दहादा सांगितलं. पहाटे मागच्या गल्लीने गेलाच. बंडूशेटच्या कुंड्यांना पाणी नको का, असं रखमाला सांगून गेला. नाक्यापर्यंतच पोचला. गोळी लागली ती त्याला कळली तरी की नाही, देव जाणे.

चाळीतले रमाकांत चळवळीतले. त्यांनी त्याला हार घातला, मुंबईसाठी प्राण दिले म्हणाले. शिवाही पोरांच्या घोळक्यात उभा राहून 'झालाच पाहिजे' ओरडायचा, तेव्हा अगदीच खोटं नाही. पण कुंड्यांचं कुणाला सांगू?

आता मुद्द्याचं ऐक. रखमाला सहावा महिना आहे. तिचा भाऊ न्यायला आलाय, शिवाचे दिवस पाड्यावर घालायचेत. मी म्हटलं, जा बाई, बाळंतपणही तिकडेच कर, परत येऊ नकोस, तुझ्यावर कुणाचं काही नाही. तर ती ओक्साबोक्शी रडायला लागली. तिला वाटलं, नवरा मेला म्हणून मी हाकलतेय. मालकाने सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही म्हणते, आणि तिचा मालक तू. म्हणून हे पत्र. तिच्या वतीने तुला विचारते, रखमाने नवऱ्याचे दिवस घालायला जावं का? पत्र मिळताच तार कर. 'जा' एवढंच लिही. 'तू मोकळी आहेस' वगैरे लिहिलंस तर ती इथून हलायची नाही. मूल जरा मोठं झालं की घेऊन येते म्हणालीय. मुलगा झाला तर तोही तुझाच गडी, असं तुला कळवायला सांगितलंय.

तुझीच,
ताई