घ आणि ध

आई,

मला वाचायला शिकव, असं तू म्हणालीस तेव्हा मी आठवीत होते. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये, उन्हाळ्याच्या सुट्टीत, बाबा प्लांटच्या ऑफिसात गेले की काम आवरून तू माझी जुनी पाटी घेऊन स्वयंपाकघरात बसायचीस. क, ख, ग तुला लवकर आले. घ आणि ध मात्र वेगळे दिसतच नव्हते. पंधरा दिवस झाले तरी तू घराचं धर करत होतीस. एका दुपारी माझी मैत्रीण आली होती. तिच्यासमोर तू पुन्हा चुकलीस आणि मी म्हणाले, "पहिलीतल्या पोरींना येतं. तुझ्या डोक्यात काही शिरतच नाही." आमच्या बाई वर्गात बोलायच्या, अगदी त्याच सुरात. तू पदराने पाटी पुसलीस. "जाऊ दे, कणीक मळाची आहे मले," एवढंच म्हणालीस. पुन्हा पाटी काढली नाहीस, आणि सुटले एकदाची म्हणून मला बरंच वाटलं.

पुढे मी नागपूरला होस्टेलवर गेले. दुसऱ्या वर्षी तू तापाने गेलीस. तेराव्यानंतर बाबा म्हणाले, "तुहं पत्र आलं का आधी तुही आईच घेऊन बसे. तिले 'आई' एवढाच शब्द ओळखता ये. तो सापडला का मंग माह्याजवळ दे वाचाले." माझी सगळी पत्रं 'तीर्थरूप बाबांस' अशी सुरू व्हायची. आईस नमस्कार शेवटी, घाईत कधी तोही राहायचा.

"नाही सापडला तर?" मी विचारलं.

"मंग म्हणे, असंन कुठंतरी. मलेच दिसून नाही राहिला."

आता मी शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात आम्हा शिक्षकांना मेंदू कसा शिकतो यावर प्रशिक्षण होतं. वाचता येणारा मेंदू घेऊन कुणी जन्माला येत नाही, तिथल्या बाई सांगत होत्या. डोळ्यांना दिसलेलं आणि कानांनी ऐकलेलं तो सरावाने हळूहळू जोडत जातो. सारखी दिसणारी अक्षरं काहींना फार छळतात. वेळ दिला तर मोठ्या वयातही जमतं, पण ओशाळलेल्या माणसाचं लक्ष अक्षरावर राहत नाही. मी हात वर केला. घ आणि ध मध्ये अडकलेल्या एकीला वाचता आलं असतं का, असं विचारलं.

"आलं असतं की," त्या म्हणाल्या. "तुमची विद्यार्थिनी का?"

मी हो म्हटलं. माझी आई, असं म्हणायला हवं होतं. पण खोलीभर माणसं होती आणि मला लाज वाटली. तुझी वाटली की माझी, हे कुठेही न जाणाऱ्या या पत्रातसुद्धा मला नीट लिहिता येत नाही.