आबांनी झेललेला चेंडू

रविवार, दिवेलागण. उस्मानपुरा.

डॉक्टर परवाच म्हणाले, विलासचा, माझ्या नवऱ्याचा, खांदा आता बेसबॉल सोसणार नाही. म्हणजे परदेशातल्या लीगमध्ये चेंडू टाकायला परत जाणं नाही. संपलंच.

फोनवर कळलं तसे आबा, माझे सासरे, आज गंगापूरहून जीपनं आले. मुलाचा खेळ त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. चहा घेतला आणि म्हणाले, "मला एक चेंडू टाकून दाखव."

अंगणात विलासचा चेंडू झेलायचा ग्लोव्ह घालून उकिडवे बसले. विलासनं हळूच टाकला.

"लेकराला टाकतो व्हय? तिथं टाकायचास तसा टाक!"

मी नको नको म्हणतेय, तोवर त्यानं टाकलाच. केवढा आवाज! आबा मागं कलंडले, पण चेंडू सोडला नाही. ग्लोव्ह काढला तर तळहात लालबुंद. तोंडावर बसला असता तर? कसं सुचलं विलासला?

विलास खांदा धरून धावला. "लागलं का, आबा?"

"लई लागलं," आबा हसले. "मला वाटायचं, पोरगं नुस्तं खेळण्यात दिवस घालवतंय. असलं टाकत होतास व्हय रे?"

तो लाल तळहात त्यांनी विलासच्या दुखऱ्या खांद्यावर ठेवला. आणि विलास रडला. लग्नानंतर पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं.