स्टॅनमिअरच्या ग्रंथदालनाचे उरलेसुरले

मी, डॉर्कस ॲन वेनफ्लीट, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, राहणार चर्च लेन, गाव स्टॅनमिअर, लिंकनशायर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या मर्जीने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. छाती अधूनमधून दुखते, पण डोके ठिकाणावर आहे आणि डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. याआधी १९३८ साली केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात वस्तूंची नावे खरी होती, बाकी मी खरे काही लिहिले नव्हते.

माझे वकील श्री. कथबर्ट इंगलड्यू यांनी बजावले आहे की कोणाला काय द्यायचे तेवढेच लिहा, कारणे लिहू नका. भांडणे कारणांवरूनच होतात. त्यांचे म्हणणे बरोबर असेल. पण माझ्यामागे भांडायला फार कोणी नाही, आणि कारण कळल्याशिवाय यातल्या काही वस्तू कोणी घरात ठेवून घेणार नाही. या कागदाप्रमाणे सर्व पार पाडण्याचे काम मी इंगलड्यू यांच्यावरच सोपवते. कारणे आवडली नाहीत तरी त्यांनी ती गाळू नयेत.

कलम १. चर्च लेनमधले घर माझे वडील जोनास वेनफ्लीट यांचे. ते खोगिरे शिवायचे. हे घर, पोस्टातली शिल्लक, भांडीकुंडी आणि कोंबड्या माझ्या बहिणीची मुलगी लेटिस गार्बट हिला द्याव्यात. मागच्या खोलीत ओल आहे, हे तिला ठाऊक आहे. ती मला म्हणते, "मावशी, या घरात तुझ्यापेक्षा तुझी पुस्तकं जास्त उबेत असतात." खरे आहे. शेगडी त्यांच्याच बाजूला आहे. आता तिने पलंग तिकडे हलवावा.

कलम २. वडिलांची आरी, रापी, मेणाचा दोरा आणि सरसाचे भांडे गावचे चांभार इफ्राइम मम्बी यांना द्यावे. याच हत्यारांनी मी स्टॅनमिअर हॉल या कोलबेकांच्या वाड्यातल्या दोन हजारांवर पुस्तकांच्या पाठी शिवल्या. मम्बी संकोचाने नको म्हणतील. ऐकू नये.

कलम ३. ग्रंथदालनातली ओकची शिडी सध्या माझ्या कोठीत आडवी ठेवली आहे. ती सर जर्व्हेस कोलबेक यांना पाठवावी. ते आता समुद्रकाठच्या एका हॉटेलात दोन खोल्या घेऊन राहतात. तिथे शिडी ठेवायला जागा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी त्यांनाच पाठवावी.

त्याचे कारण असे. सोळाव्या वर्षी मी हॉलवर झाडलोट करायला लागले. ग्रंथदालन उत्तरेकडच्या अंगाला होते. सात उंच खिडक्या, छतापर्यंत कपाटे, नऊ हजार पुस्तके. जर्व्हेस यांचे वडील, सर एव्हरार्ड, दिवसभर तिथेच बसत. त्यांची नजर उतरत चालली होती. त्यांची थोरली मुलगी ऑनर त्यांना रोज वाचून दाखवायची. मी बादली घेऊन दाराशी थांबून ऐकायची. १९०२ साली ऑनर बाईसाहेबांनी ॲमॉस ट्रॅनमर नावाच्या एका शाळामास्तराशी लग्न केले. तो मेथडिस्ट पंथाचा, आणि सर एव्हरार्ड जुन्या चर्चचे कट्टर. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी त्यांनी, घराण्यातल्या सर्वांची नावे ज्यात लिहीत, त्या बायबलमधून तिचे नाव चाकूने खरवडून काढले. तो कागद तिथे इतका पातळ झाला होता की मागच्या पानावरची अक्षरे दिसत.

त्यानंतर काही महिन्यांनी मी शिडीवर चढून धूळ झटकत होते, आणि झटकायचे सोडून वाचत उभी होते. त्यांना दिसले नसेल, पण फडक्याचा आवाज थांबलेला त्यांनी ऐकला.

"कोण आहे वर?"

"डॉर्कस, साहेब. खोगीरवाल्याची."

"काय वाचतेस?"

मी पुस्तकाचे नाव सांगितले. ते म्हणाले, "मग मोठ्यानं वाच. खाली उतरू नकोस, तिथूनच वाच."

पुढची अकरा वर्षे मी वाचत होते. त्यांनी मला लॅटिन अक्षरे शिकवली, आधी नुसते उच्चार, अर्थ पुढे आपसूक लागत गेले. माझी बादली सुटली. जेवायला नोकरांच्या टेबलावर मी आता वरच्या टोकाला बसायची. माझ्या वडिलांनी अंत्यशय्येवर सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली, की माझी मुलगी साहेबांना वाचून दाखवते.

सर एव्हरार्ड गेल्यावर जर्व्हेस मालक झाले. त्यांनी सदतीस वर्षांत ग्रंथदालनातून एकही पुस्तक काढून वाचले नाही. मला मात्र ठेवून घेतले, कारण कोणीतरी धूळ झटकायला हवीच होती. मी यादी केली, वाळवी शोधली, पाठी शिवल्या. दुसऱ्या युद्धात हॉलमध्ये लष्कराची एक तुकडी उतरली. त्यांना जागा हवी होती, म्हणून त्यांनी सगळी पुस्तके कपाटांतून उपसून नाचघरात ढीग केले आणि जाताना हाताला येतील तशी परत कोंबली. शरीररचनेशेजारी प्रवचने, घोड्यांशेजारी कविता. साठीच्या वयात मी ती पुन्हा लावायला घेतली. अर्धीही लावून झाली नव्हती, तोच १९५१ साली जर्व्हेस साहेबांनी मला बोलावून सांगितले की पुस्तके जाणार आणि मग घरही पाडणार.

मी म्हटले, साहेब, तुमच्या पाच पिढ्यांनी जमवलेली आहेत.

ते म्हणाले, "वेनफ्लीट, छप्पर गळतंय आणि सरकारला कर हवाय. पुस्तकं काय, पावसात तशीही भिजणारच."

लंडनहून एक व्यापारी आला. चांगल्या बांधणीची पुस्तके त्याने चहाच्या खोक्यांत भरून नेली. उरलेली भाजीच्या बागेत जाळली. ती चार दिवस जळत होती, कारण बांधीव पुस्तक लवकर पेटत नाही. बाहेरून काळे होते आणि आत पाने तशीच राहतात. माळी काठीने ती उलटीपालटी करायचा. मी शेवटच्या दिवशी ही शिडी त्या ढिगावरून ओढून काढली. जर्व्हेस साहेब गच्चीवरून बघत होते. मी त्यांना दोष देते आणि तो मागे घेत नाही. मात्र पुढचे कलम वाचल्यावर कोणालाही वाटेल की दोष द्यायचा मला कितपत हक्क आहे. मलाही वाटते.

कलम ४. माझ्याकडे स्टॅनमिअरची त्रेचाळीस पुस्तके आहेत. एका हातगाडीत मावतील तेवढी घेऊन जा, असे मला सांगण्यात आले होते. मी फाटक्या पाठींची निवडली. व्यापाऱ्याला ती नको होती, पण फाटकी तीच होती जी खरोखर वाचली गेली होती. ही सर्व पुस्तके श्रीमती ऑनर ट्रॅनमर, राहणार विटबी, यांची आहेत. मी त्यांना ती देत आहे असे म्हणणार नाही. त्यांचीच आहेत.

१९१३ च्या ऑक्टोबरात सर एव्हरार्ड यांनी एका सकाळी मला कागद घ्यायला सांगितले. त्यांना तोवर उजेड-अंधाराएवढेच कळत होते. त्यांनी मुलीला पत्र सांगितले. तीनदा सांगितले, तीनदा मोडले. म्हणून ते मला आजही पाठ आहे, आणि इथे लिहिते.

"ऑनर, तू म्हणाली होतीस तसाच मी आंधळा झालो. इथली मुलगी छान वाचते, पण कुठे थांबायचं ते तिला कळत नाही. तुला कळायचं. तुझं नाव खरवडलं ती जागा मी बोटानं रोज चाचपतो. ये. मास्तरालाही आण. त्याला माझ्या चर्चमध्ये यायला सांगणार नाही. तुझे बाबा."

त्यांनी चाचपडत सही केली आणि म्हणाले, "आजच टाक हं, पोरी."

मी हो म्हटले.

मी ते टाकले नाही. ऑनर बाईसाहेब आल्या असत्या, तर त्या खुर्चीशेजारी बसल्या असत्या आणि मी पुन्हा बादलीकडे गेले असते. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. माझ्याजवळ त्या खुर्चीशेजारच्या स्टुलाखेरीज काहीही नव्हते. आणि त्यातले ते एक वाक्य मला लागले होते. हे कारण आहे, सबब नाही. पत्र मी मेंढ्यांच्या रोगांवरच्या एका जाड पुस्तकात ठेवले, सगळ्यात वरच्या फळीवर, जिथे कोणाचा हात जात नसे. मनाशी म्हटले, आठवड्याने टाकू. मग म्हटले, नाताळनंतर.

ते रोज विचारत. "टपाल आलं?" मी म्हणायची, नाही आले, साहेब. जानेवारीत त्यांनी विचारणे बंद केले.

फेब्रुवारीत, दुपारी, मी वाचत असताना ते गेले. मला कळले नाही. मी पुढची चार पाने वाचली.

अंत्यविधीला ऑनर बाईसाहेब आल्या. घरात कोणी त्यांना बसा म्हटले नाही. जाण्यापूर्वी त्या ग्रंथदालनात माझ्याकडे आल्या. हातमोजे काढून त्यांनी माझा हात धरला आणि विचारले, "शेवटी शेवटी बाबा माझ्याबद्दल काही बोलले का गं?"

त्या वेळी मी खिडकीकडे बघत होते.

"नाही, बाईसाहेब," मी म्हटले.

त्यांनी मान हलवली, मोजे घातले आणि गाडी गाठायला पायी गेल्या. मी हे सर्व शुद्धीवर असताना केले. आज जितकी शुद्धीवर आहे, तितकीच तेव्हाही होते.

पत्र कुठे आहे हे मला सत्तावीस वर्षे माहीत होते. दर वसंतात झाडलोट करताना मी ते पुस्तक काढायची, झटकायची आणि परत ठेवायची. मग लष्कराने सगळे उपसले. १९५१ साली, विक्रीआधी, मी अकरा दिवस ते पुस्तक शोधत होते. नऊ हजार पुस्तकांतले प्रत्येक कुठे उभे आहे हे डोळे मिटून सांगणारी मी, मला ते मिळाले नाही. खोक्यांतून लंडनला गेले, की बागेत जळाले, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

कलम ५. मी हे सारे मेल्यावर कळवायचे ठरवले होते. इंगलड्यू यांनी मसुदा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "मिस वेनफ्लीट, त्या बाई पंचाहत्तरीच्या आहेत. तुमच्या आधी त्या गेल्या, तर हा कागद मी कोणाला वाचून दाखवू?" म्हणून या एप्रिलमध्ये मी आगगाडीने विटबीला गेले.

त्यांनी स्वतःच दार उघडले. एकदम ओळखले. "ग्रंथदालनातली डॉर्कस ना? ये, आत ये. वारा फार आहे." त्यांनी चहा केला, शहाजिऱ्याचा केक कापला. मास्तर सहा वर्षांमागे वारले, असे सांगितले. मी सर्व सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही. शेवटी विचारले, "आहे तुझ्याकडे ते पत्र?"

"हरवलं. पण पाठ आहे."

"मग म्हण."

मी उभी राहिले आणि म्हटले. माझा आवाज कुठे अडखळला नाही. तेवढे एक मला येते. संपल्यावर त्या बराच वेळ टेबलावरचे तुकडे बोटाने गोळा करत होत्या.

"एक्केचाळीस वर्षं," त्या म्हणाल्या. "दर नाताळला ॲमॉस म्हणायचा, तुझा बाप माणूस नाही, दगड आहे. मी कधी नाही म्हटलं नाही." मग त्यांनी घड्याळाकडे पाहिले. "चहा संपव. तुझी गाडी चारची आहे. आणि डॉर्कस, परत येऊ नकोस."

आवाज चढलेला नव्हता. दारापर्यंत त्या मला सोडायला आल्या.

जूनमध्ये त्यांचे एक कार्ड आले. त्यावर मायना नव्हता. एवढेच होते: "बाबांनी शेवटी कोणतं पुस्तक ऐकलं?" मी उत्तर लिहिले, मधमाश्यांच्या पालनाचे. पुढे काही आले नाही.

ते पुस्तक त्या त्रेचाळीसांत आहे, हिरव्या कापडाचे, पाठ दोनदा शिवलेली. ते वेगळे बांधून माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत त्यांना पाठवावे. त्यात जिथे खुणेची फीत आहे तिथून ती हलवू नये. बाकीच्या बेचाळीसांबद्दल त्यांना विचारावे. नको म्हणाल्या, तर गळ घालू नये, पुन्हा विचारू नये. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावीत. ती कोणाकडून आली, हे त्यांवर लिहू नये.

कलम ६. मला आईवडिलांशेजारी पुरावे. गाणी नकोत. पाद्री श्री. हॉर्सफॉल यांनी मला परवाच सांगितले की हॉलमधल्या एक्कावन्न वर्षांच्या नोकरीबद्दल गाव माझ्या थडग्याच्या दगडावर "एकनिष्ठ सेविका" असे कोरणार आहे, आणि त्यासाठी मंडळींनी वर्गणीही जमवली आहे. त्यांना मी काही बोलले नाही. इथे लिहून ठेवते की माझ्या दगडावर नाव आणि दोन साले यांखेरीज एकही शब्द कोरू नये. कोरणारा ऐकत नसेल, तर दगडच लावू नये.

हे मृत्युपत्र मी आज वाचून पाहिले. यात खाडाखोड नाही आणि मला यातले काही बदलायचे नाही.

सही: डॉर्कस ॲन वेनफ्लीट

मिस वेनफ्लीट यांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर, एकमेकांसमोर खाली सह्या केल्या. या कागदातून आम्हाला काहीही मिळायचे नाही. आतला मजकूर आम्ही वाचलेला नाही.

साक्षीदार:
१. ॲग्नेस थर्लबी, पोस्टमास्तरीण, स्टॅनमिअर
२. वॉल्टर स्टोट, चर्चचे घंटावाले, स्टॅनमिअर

स्थळ: स्टॅनमिअर
दिनांक: २० सप्टेंबर १९५५