जावयाचा गिअरबॉक्स

९ जाने. ८६, गुरु.
टॅक्सी अजून मुलुंडलाच, नंदूच्या गॅरेजात, खालून काम करायच्या खड्ड्यावर उभी. दुसरा गिअर सटकत होता म्हणून दिली. बाहेर नेली असती तर आतापर्यंत रस्त्यावर असती. पण मेहुण्याचं गॅरेज असताना बाहेर कशाला, असं आमच्या बायकोचं, सुनंदाचं म्हणणं. झालं.
आज गेलो तर नंदू हात पुसत पुढे आला. "भावोजी, तुम्ही बसा. चहा सांगतो." मी म्हटलं, गिअरबॉक्स बघू दे की. "बघायचंय काय त्यात? आतलं काम झालंय, उद्या चढवतो. आणि जावई तेलात हात घालताना दिसला तर अण्णा मला घरात घेतील का?"
चहा प्यालो. मग वडा. मग परत चहा. पोट भरून वाकोल्याला घरी परत.

१० जाने., शुक्र.
चढवला नाही. विचारलं तर "जरा काम राहिलंय." गिअरबॉक्स कोपऱ्यात गोणपाटाखाली. नंदू गिऱ्हाइकाशी बोलत होता तेवढ्यात गोणपाट उचललं. इंजिनाला जोडतात त्या बाजूची खालची कड चेपलेली, एक टवका उडालेला. आतला धातू पांढरा लख्ख. जुना मार असता तर तेलाने काळा पडला असता.
गोणपाट परत टाकलं. नंदूला हळूच विचारलं तर म्हणतो, "ते आधीचंच असेल."
आधीचंच! गाडी माझी, रोज पुसतो मी. अशी तिडीक गेली डोक्यात, पण समोर स्टुलावर अण्णा. सासऱ्यासमोर त्यांच्या पोराला काय बोलणार? अण्णांनी माझ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. एरवी "जावईबापू, जावईबापू" करून जीव खातात.

११ जाने., शनि.
सुनंदाला खोदून विचारलं. तिला ठाऊक होतं!! नंदूने शपथ घातली होती म्हणे.
झालं असं. अण्णा मिलमध्ये फिटर होते. संपात मिल गेली ती गेली, तेव्हापासून पोराच्या गॅरेजात नुसते बसून असतात, कोणी कामाला हात लावू देत नाही. जावयाची गाडी आली तेव्हा हट्ट धरला, हे काम मी करणार. जोडणी केली, चांगली केली असं नंदूही म्हणतो. मग गिअरबॉक्स खड्ड्याकडे न्यायला नंदूची वाट बघायची, तर एकट्याने उचलला. छातीपर्यंत आणला आणि सुटला. खाली फरशी.
"तुम्ही त्यांना काही बोलू नका हं. ते आतून खचलेत," सुनंदा म्हणाली.
ते खचलेत, पण गिअरबॉक्सच्या कडेला तडा गेला असेल तर काय? पुलावर भरधाव असताना कड तुटली तर? मागे कोणाची पोरंबाळं बसलेली असतील. हे विचारलं तर ती रडायला लागली. आता मीच वाईट.

१३ जाने., सोम.
नंदूला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, मला सगळं कळलंय. तपासल्याशिवाय चढवायचा नाही.
त्याने शाफ्ट हाताने फिरवून दाखवला. सगळे गिअर टाकून दाखवले. "बघा ना, लोण्यासारखा फिरतोय. काय वाट लागली नाही."
अरे, हाताने कुठलाही फिरेल. लोड आल्यावर काय? रॉकेल चोपड, कोरडं पूस, वर खडू फास. तडा असला तर आत मुरलेलं रॉकेल झिरपून रेघ उमटेल. साधं काम आहे.
"अण्णांसमोर? त्यांना वाटतंय तुम्हाला काहीच माहीत नाही. ते घरी गेले की करू."
पण अण्णा घरी जातील तर शप्पत. डबा तिथेच, डुलकी तिथेच. त्या स्टुलावरून उठत नाहीत. एका म्हाताऱ्याची अब्रू राखायला अख्खं गॅरेज खोळंबलंय आणि माझी टॅक्सी खड्ड्यावर.

१४ जाने., मंगळ. संक्रांत.
सासुरवाडीला जेवायला. अण्णांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, "गोड बोला." तोंडात लाडू, बोलणार काय कपाळ.
जेवताना नंदू म्हणाला, परवा चढवून टाकतो. उद्या किंक्रांत, उद्या नको. मला राहवलं नाही. सगळ्यांदेखत म्हणालो, तपासल्याशिवाय नाही. सुनंदाने डोळे मोठे केले.
अण्णा म्हणाले, "काय तपासूचा आसा?"
मी म्हणालो, "तेल."
तेल! स्वतःचीच चीड आली. घरी येताना सुनंदा म्हणाली, "बरं झालं सावरून घेतलंत."

१५ जाने., बुध.
किंक्रांत, म्हणजे गॅरेज बंद. नंदूला म्हटलं आजच संधी आहे, सकाळीच उघड. दोघं गेलो तर शटर आधीच अर्धं वर. आत अण्णा.
गिअरबॉक्स गोणपाटावर, चकचकीत धुतलेला. ती कड खडूने पांढरी केलेली. बाजूला रॉकेलचा डबा.
"माज्याच हातातसून पडलो तो," अण्णा म्हणाले. "तुमका म्हायत आसा, ता माका पैल्या दिवशीच समाजला. गोणपाट उलटा घातलात तुमी."
नंदू भिंतीकडे बघत राहिला. इतके दिवस त्यांच्यापासून लपवत होतो, आणि ते स्टुलावर बसून आमची सगळ्यांची तारांबळ बघत होते.
टवक्याच्या खाली ओलसर रेघ होती. नखाएवढी. नंदू म्हणाला, ओतकामाची रेघ आहे, साच्यातूनच येते तशी. अण्णांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "माजे डोळे आता भरवशाचे नाय. हातही नाय. जावईबापू, तुमीच सांगा. बसवूचा काय नको?"
आठवडाभर हेच हवं होतं मला. आता विचारलंय तर पंचाईत. नको म्हटलं तर हे म्हातारे परत कधी पान्याला हात लावणार नाहीत. हो म्हटलं तर गाडी मला चालवायची आहे.
म्हणालो, खडू पुसू, कड नीट कोरडी करू, परत लावू. अण्णांनी खडू माझ्या हातात दिला. पहिल्यांदाच बाह्या वर करून खाली बसलो, कोणी अडवलं नाही. कड पांढरी केली. तिघेही उकिडवे बसून बघत राहिलो.
आज मला कोणी चहा विचारला नाही.