निकालाआधीचा फोटो

५ जानेवारी

आणि म्हणूनच मी मावसभावाचंच ऐकणार आहे, बास! तो मार्केटिंगमध्ये आहे, त्याला कळतं. काल म्हणाला, "तुम्ही फायनान्सवाले म्हणजे घरातला विजेचा मीटर. चालू आहे तोवर कुत्रं विचारत नाही." खरंय ना! बँकेतल्या, कन्सल्टिंगमधल्या माझ्या मैत्रिणी लिंक्डइनवर रोज झळकतात. आणि मी? एका कंपनीच्या चौथ्या मजल्यावर बसून दर महिन्याचे हिशोब बंद करते. कोणाला दिसणार?

तर ठरलं. दर आठवड्याला तीन पोस्ट. प्रत्येक कमेंटला उत्तर द्यायचं, नाहीतर पोस्ट मरते म्हणे. आणि मोठ्या साहेबांच्या, म्हणजे आमच्या सीएफओंच्या, नजरेत यायचं. वर्षाच्या आत असिस्टंट मॅनेजर! लिहून टाकलं, म्हणजे पक्कं.

प्रोफाइलवर नावाखाली टाकलं — "आकड्यांमागची गोष्ट सांगणारी." इंग्रजीत भारी वाटतं. इथे मराठीत लिहिताना जरा लाजच वाटली.

७ जानेवारी

ताईंची प्रोफाइल बघितली. अरे देवा! ताई म्हणजे आमच्या टीम लीड. सगळं काम मला त्यांनीच शिकवलं, ते ठीक आहे. पण फोटो? कुठल्यातरी लग्नातला, कापलेला, आणि खांद्यावर कोणाचातरी हात तसाच राहिलाय. नुसता हात! पोस्ट एकही नाही. इतकी वर्षं नोकरी केली आणि जगाला पत्ताच नाही की ही बाई आहे.

सगळे म्हणतात, तिमाहीचे निकाल जाहीर झाले की कंट्रोलरची, म्हणजे अख्ख्या हिशोब खात्याच्या प्रमुखाची, केबिन ताईंचीच. जुने कंट्रोलर रिटायर झाल्यापासून ती रिकामी आहे. ताई येता-जाता काचेतून आत बघतात आणि कोणी पाहिलं की लगेच मान वळवतात. हसू येतं मला!

जेवताना विचारलंच, "ताई, तो हात कोणाचा हो?"

"नणंदेचा. आता बोलत नाही आम्ही. पण त्या फोटोत मी बरी आलेय."

सगळं टेबल हसलं. मला ठसकाच लागला.

त्यांच्या वयाची होईन तेव्हा मी अशी नसणार. शप्पथ.

१० जानेवारी

क्लोज झाला! अख्ख्या तिमाहीचे हिशोब बंद, तेसुद्धा वेळेआधी! कोणीतरी केक आणला. ताई, ज्या कधी दात दाखवत नाहीत, त्या मान मागे टाकून खदाखदा हसल्या. मी बरोब्बर तेव्हाच फोटो काढला.

"छान आलाय गं चिमणे. आपल्या ग्रुपवर टाक. बाहेर नको हां."

हनुवटी डबल दिसतेय, म्हणून असणार. मी क्रॉप केली आणि लिंक्डइनवर टाकला. वर लिहिलं, "काही तिमाह्या कायम लक्षात राहतात!"

शेअर बाजारातली कंपनी आहे, निकाल जाहीर होईपर्यंत आम्ही आतल्यांनी बाहेर बोलायचं नसतं — ठाऊक आहे मला, मी काय कुक्कुलं बाळ आहे? पण पोस्टमध्ये आकडा एकही नाही. आकडा नाही तर नियम कसला?

१० जानेवारी, परत

थांबतच नाहीयेत लाइक! आमच्या कंपनीच्या शेअरवर लिहिणारा एक जण आहे, त्याला लाखभर लोक फॉलो करतात. त्याने स्वतः कमेंट केली! "फायनान्सवाले इतके हसतायत, म्हणजे निकाल जोरदार दिसतोय?"

उत्तर द्यायलाच हवं ना. डोळा मारणारी स्मायली टाकली. फक्त स्मायली!

बाबा म्हणाले, "लाइक मिळाले म्हणजे नक्की काय मिळालं गं?"

"तुम्हाला नाही कळणार, बाबा."

"मलाही नाही कळत," आई म्हणाली, "ताट उचल."

११ जानेवारी

वाट लागली.

त्या माणसाने माझ्या स्मायलीचा स्क्रीनशॉट टाकला — "कंपनीच्या आतूनच इशारा!" सकाळी शेअर उसळला. शेअर बाजाराकडून कंपनीला विचारणा आली. मी पोस्ट काढली, पण काढून काय उपयोग? सगळ्या जगाकडे आहे ती.

कम्प्लायन्सचे, म्हणजे नियम पाळले जातायत का ते बघणारे, सर माझ्या टेबलापाशी आले. आम्ही त्यांना फुलस्टॉप म्हणतो, कारण ते बोलत नाहीत, वाक्य संपवतात. "उद्या. अकरा. एकटीने. ठीक."

ताई वॉशरूममध्ये भेटल्या. मला वाटलं, आता खाणार. तर म्हणतात कशा, "सकाळपासून काही खाल्लंस का?" अहो, ओरडा ना सरळ! "मी सांगितलं होतं" असं तरी म्हणा! या चांगुलपणाचाच जास्त संताप येतो.

मावसभावाला फोन केला. "कुठल्या सिनियरने बघितली होती का पोस्ट? नाही? मग बघितली होती असं आठव."

१२ जानेवारी

सांगितलं. "टाकायच्या आधी ताईंना दाखवली होती. त्या हो म्हणाल्या."

फुलस्टॉप लिहीत होते. वर बघितलंच नाही. "नक्की?"

"नक्की."

आवाज जरासुद्धा हलला नाही! माझं मलाच आश्चर्य वाटलं. आणि बघ, मला तर घरीच पाठवलं असतं. ताई सिनियर आहेत, त्यांना एक ताकीद मिळेल आणि विषय संपेल. त्यांना काय फरक पडतो?

१६ जानेवारी

पडला. केबिन ताईंना नाही, कंट्रोलर बाहेरून आणणार. ताईंनी राजीनामा दिला, तो लगेच मंजूर.

खोक्यात कॉफीचा मग, शाल, टेबलाखालच्या सपाता. अख्खा मजला स्क्रीनमध्ये डोकं घालून बसला होता. मीसुद्धा. लिफ्टपाशी मला म्हणाल्या, "टॅक्सच्या शीटची लिंक दर क्लोजला तुटते. बघत जा गं."

"हो ताई." दुसरं काय बोलणार?

दार बंद झालं तसा पगार बघणारा म्हणाला, "घ्या! या वेळी ताईच क्रॉप झाल्या, हात तेवढा राहिला!"

सगळे हसले. मी पण. जोक चांगला होता.

२५ जानेवारी

निकाल काल जाहीर झाले. आज मोठ्या साहेबांची परवानगी घेऊन पोस्ट टाकली — "एका स्मायलीने मला काय शिकवलं." सुसाट चाललीय! नव्या पोरांना यावर ट्रेनिंग द्यायला सांगितलंय मला. ऑफिसातल्याच एकाने लिहिलं, "सिनियरचं नाव न घेता सगळं स्वतःवर घेतलंत, हॅट्स ऑफ." त्याला हात जोडलेली स्मायली टाकली.

आणि साहेबांची कमेंट! "याला धैर्य लागतं." आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "तुझ्या त्या ताईंना नोकरी लागली का?"

आईला कुठे काय विचारावं कळतच नाही.

३ फेब्रुवारी

असिस्टंट मॅनेजर!!! वर्ष कसलं, महिनासुद्धा लागला नाही!

४ फेब्रुवारी

नव्या पदाचे कागद सही करायला फुलस्टॉपकडे गेले. आज चक्क ते आपणहून बोलायला लागले. "तुमची चौकशी एका दिवसात संपली. असं होत नाही."

"मग कशी संपली, सर?"

"तुमच्या ताई तुमच्या आधी येऊन गेल्या होत्या. म्हणाल्या, पोस्ट मला दाखवली होती, मीच हो म्हटलं, पोरीला काही करू नका. मग तुम्ही आलात. तेच सांगितलंत. जुळलं. ठीक."

आमच्या कामात दोन्ही बाजू जुळल्या की टिक मारतात आणि पुढे जातात. परत कोणी उकरत नाही. आम्ही दोघींनी वेगवेगळं जाऊन एकच सांगितलं. मग ते खोटं कसं? तुला काय वाटतं?