दगडूमामांचा अंगठा

मंगळवार, संध्याकाळ. शिरूर कासार

आज सर्वेक्षणाच्या गावात पाहिलेला एक अंगठा काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही.

आमच्या फॉर्मवरचा मुख्य प्रश्न असा, की ग्रामसभा निर्णय घेताना गावातल्या माणसांचं कसब वापरते का? दगडूमामांचा जन्म विहिरी खोदण्यात गेला. ग्रामसभेनं नव्या विहिरीची जागा ठरवली आणि विहीर कोरडी निघाली. त्या सभेच्या हजेरीवहीत मामांचा अंगठा आहे. दगडानं कधीतरी चिरलेला, म्हणून ठशात मधोमध पांढरी रेघ.

"मामा, सभेत बोलला का नाहीत?"

"इचारलंच न्हाई कुणी, ताई. अंगठा घेतला अन् बसा म्हनले. तिथं खाली काळा पाषाण हाय, मला म्हाईत व्हतं."

आणि मी काय केलं? मामा 'उपस्थित' म्हणून ग्रामसभेला सहभागाचे पूर्ण गुण दिले. नियमच तसा आहे. नियम! मग माझ्या फॉर्मवरही त्यांचा अंगठा घेतला. तीच पांढरी रेघ.

तरी मामा उठेनात. "अजून काई इचारायचं हाय का, ताई?"

"नाही मामा, झालं," मी म्हणाले आणि गाडीत बसले.

पाणी कुठं लागेल, हे मीसुद्धा विचारलं नाही.