बँकॉकला जायचं तर

भाईंदर पूर्व,
६ डिसेंबर २०२५

प्रिय शशी,

अनेक आशीर्वाद, समिधाला आणि मुलांनाही. नाशिकला तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालते, कारण विचारायला फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. रिटायर झालेल्या माणसाला इतक्या मीटिंगा असतात हे मला ठाऊक नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर उत्तरादाखल अंगठा येतो. म्हणून हे कागदावर. शाळेत सिस्टर सांगायच्या की ज्या गोष्टीला नकार येण्याची शक्यता आहे ती हाताने लिहावी. नाही म्हणणाऱ्याला निदान कागद फाडण्याचे कष्ट पडतात.

इकडे ठीक. आई ठीक. जेवते, झोपते, औषधं घेते. थंडी अजून नावालाच आहे.

मुद्द्यावर येते. मी बँकॉकला चाललेय.

हसून झालं असेल तर पुढे वाच. ममता आणि नीलम तुला आठवत असतील, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या माझ्या मैत्रिणी. आम्ही तिघी, चार रात्री, पाच दिवस, ९ ते १३ फेब्रुवारी. फोर्टातल्या त्या खोलीत कानाला हेडफोन लावून आम्ही जन्मभर लोकांना सिंगापूर, हाँगकाँग, बँकॉक जोडून दिलं. बँकॉकची एक ऑपरेटर 'गुड इव्हनिंग, बॉम्बे' म्हणायची, ते अजून कानात आहे. त्या शहराचा आवाज मला पाठ आहे, तोंड पाहिलेलं नाही. यात हसण्यासारखं काय आहे ते समिधाला विचारून कळव. परवा फोनवर ती "बँकॉक? या वयात?" म्हणून जी हसली, त्यावरून तिला त्या शहराची माझ्यापेक्षा जास्त माहिती असावी.

तयारी जोरात आहे. ममता दिवसाला सहा व्हॉइस नोट पाठवते. नीलमला प्रत्येक हॉटेलात लसूण नसलेलं जेवण हवंय, तरंगत्या बाजारातसुद्धा. मीरा रोड स्टेशनसमोरच्या एजंटकडे गेलो तर तो पोरगा म्हणतो, "आंटी, टेन्शन नहीं लेने का, सिनिअर सिटिझन को एअरपोर्ट पे व्हीलचेअर फ्री मिलता है." मी म्हटलं, तुम्हारी जबान को बिठाओ उसमें, बहुत दौड़ती है. तेव्हापासून तो मला मॅडम म्हणतो.

तर तू त्या पाच दिवसांत इथे येऊन आईजवळ राहायचंस. सोमवारी दुपारी ये, शुक्रवारी रात्री मोकळा. स्वयंपाकाला बाई लावून जाईन. तुला फक्त घरात असायचंय.

मी लग्न केलं नाही म्हणून मला वेळ आहे, असं समिधा म्हणते. मी लग्न केलं नाही, शशी, आईशीही केलेलं नाही. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडे आहे आणि एवढ्या काळात तुझ्याकडे मी पहिल्यांदा काही मागतेय. तिकीट काढून टाकलंय. ते रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, आणि मलाही ते परत नकोत.

लवकर कळव. अंगठा चालणार नाही.

तुझी ताई,
मृणालिनी


भाईंदर पूर्व,
२१ डिसेंबर २०२५

प्रिय शशी,

आशीर्वाद. तुझा फोन आला याचा आनंद झाला, अगदी खरं. जे बोललास त्याचा झाला नाही.

'केअर सेंटर'ची तू पाठवलेली माहिती वाचली. बाग सुंदर आहे. फोटोत त्या बागेत एकही म्हातारं माणूस दिसत नाही, सगळ्या खुर्च्या रिकाम्या. आई तिथे जाणार नाही. तिला आपल्या घरात बाथरूम कुठे आहे ते कळतं कारण तिचे पाय जातात, डोकं जात नाही. नव्या जागी पायांनी काय करावं?

मागच्या पत्रात आई ठीक आहे असं लिहिलं. ती ठीकच आहे, पण ती आता वेगळ्या सालात राहते. कधी गिरगावातल्या जुन्या घरात असते, कधी तिच्या माहेरी. ते तू आल्यावर बघशीलच, म्हणून लिहिलं नव्हतं.

आता तुझं दुसरं वाक्य. "आई माझी आठवणसुद्धा काढत नाही, तर मी येऊन काय करू?" हे तू इतक्या दुखावल्या सुरात म्हणालास की मी गप्प बसले. खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. फोनवर जमलं नाही, लिहिते.

आई रोज तुझ्याशी बोलते.

तळमजल्यावरचे बाळाराम तुला माहीत आहेत. आमची बिल्डिंग त्यांच्या वडिलांच्या भातशेतीवर उभी आहे हे ते सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगला ऐकवतात. मागच्या वर्षी श्रावणात ते टाकीच्या कामाचं सांगायला वर आले होते. आई हातात फोन घेऊन बसली होती आणि "शशी, बोल ना रे" म्हणत होती. मी तुला लावला होता, तू उचलला नव्हतास. ती रडत नव्हती. नुसती म्हणत होती, लाइन खराब असल्यासारखं, पुन्हा पुन्हा. बाळाराम दारात उभे राहिले, मग मला खुणेने आईच्या फोनचा नंबर विचारला आणि जिन्यात जाऊन आपल्या मोबाइलवरून लावला. "आये, मी शशी हाय. जेवलीस का न्हाय?"

आई म्हणाली, "इतका वेळ कुठे होतास?"

तेव्हापासून रोज दिवेलागणीला फोन येतो. मी त्यांना एकदा म्हटलं, तुम्हाला त्रास. तर म्हणाले, "माझी आये गेली तवा मी दुबईला होतो. तुमचं काय जातंय? मला फोन करू द्या." मग मी बोलले नाही. तू मला ओळखतोस, मी न बोलणं किती कठीण ते तुला ठाऊक आहे.

आई मला सांगते, "नाशिकला राहून शशीची भाषा पार गेली. पण माया आली हो." मी होकार देते.

रागावू नकोस. रागवायचं असेल तर आल्यावर रागाव. आधी तयारी कर, कारण आता तुला नुसतं येऊन चालणार नाही, फोनवरचा शशी म्हणून यावं लागेल. म्हणून लिहिते. तू सिगारेट सोडलीस. तिच्या गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते तू रोज विचारतोस. तुझ्या अंगणात तू केळी लावल्या आहेत आणि एका घडाची हकिगत बरेच दिवस चालली होती, त्यात माकडंही होती. तुला अंगण नाही हे मला माहीत आहे. समिधाबद्दल तू चांगलंच बोलतोस. आणि गेल्या पाडव्याला तू आईची माफी मागितलीस. कशाबद्दल ते बाळारामांना ठाऊक नव्हतं, सणाचं म्हणून मागितली म्हणाले. आईनेही विचारलं नाही. "जाऊ दे रे" म्हणाली आणि त्या दिवशी दोन पुऱ्या जास्त खाल्ल्या.

तेव्हा तुला माफी मिळून गेली आहे, शशी. फक्त येऊन घ्यायची आहे.

फेब्रुवारीत एकदम नको. जानेवारीत एखाद्या रविवारी येऊन जा. तिला चेहऱ्याची सवय होईल, मग मी निर्धास्त जाईन.

तुझी ताई,
मृणालिनी


भाईंदर पूर्व,
१२ जानेवारी २०२६

प्रिय शशी,

काल पोचल्याचा फोन केला नाहीस. समिधाला केला तेव्हा कळलं की पोचलास आणि न जेवता झोपलास. म्हणून आज आशीर्वाद आधी आणि बोलणी नंतर, किंवा बोलणी नाहीतच. तुला बोलावं असं काल तू काही केलं नाहीस.

तू आलास ते चांगलं केलंस. निळा शर्ट घालून आलास. तो आईने तुला घेतला होता का रे? मी विचारणार होते. तू आणलेली द्राक्षं गोड आहेत.

तू पाठ करून आला होतास हे मला दिसत होतं. "आई, गुडघ्याला तेल लावतेस ना" म्हणालास तेव्हा तुझा आवाज शाळेत कविता म्हणताना व्हायचा तसा झाला. तिने तुझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसा ना. तुम्ही शशीच्या ऑफिसातले का?" तू हसलास. मला वाटलं, निभावलं. केळीचं सांगायला लागलास तर ती म्हणाली, "हो, आमच्या शशीच्याही आहेत," आणि तू थांबलास. तरी उठला नाहीस. ते मी पाहिलं.

तुला वाटत असेल, बाळारामांना आज फोन करू नका एवढं सांगायला ही विसरली. विसरले नाही. सांगितलंच नाही. तिने तुला ओळखलं नाही आणि फोनही आला नाही, तर रात्र कशी काढायची याची मला धास्ती होती. तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता की नको, याचा विचार मी कालपासून करतेय. अजून झालेला नाही.

तर तू तिची नखं कापत होतास आणि फोन वाजला. "घरात पाहुणे आलेत रे शशी, नंतर बोलते," ती म्हणाली. "नाही, चांगले आहेत. माझी नखं काढतायत." तू नेलकटर टीपॉयवर ठेवलंस, चपला घातल्यास आणि गेलास. चहा गॅसवर होता.

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

आईने डावा हात उजव्या हाताशेजारी ठेवून दोन्ही हातांची बोटं पाहिली. डाव्याची नखं कापलेली, उजव्याची वाढलेली. मी म्हटलं, आण, उरलेली मी काढते. तिने हात पदराखाली घेतला. "नको बाई," म्हणाली, "एक हात ठेवलाय त्यांनी. म्हणजे परत यायचे असतील."

आज सकाळीही हात दिला नाही. मी काढायला गेले की मला नेहमी ओरबाडते, हे तुला सांगितलं नव्हतं. माझ्या मनगटावरचे व्रण पाहून तू "मांजर पाळलीस का?" विचारलंस, आणि मी हो म्हटलं. काल तुझ्या हातात तिने हात कसा सैल सोडला होता, ते मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. चहा उतू जायची वेळ आली तरी बघत होते.

आणि ते 'बाई' तू ऐकलंस. दिवसभर ऐकलंस, आणि मला काही विचारलं नाहीस, त्याबद्दल तुझे उपकार. तिच्या लेखी मी कामाची बाई आहे. चांगली बाई. मागच्या महिन्यात तिने बाळारामांना फोनवर सांगितलं, "शशी, हिचा पगार वाढव, रात्रीही थांबते." दोन वर्षं होतील आता. सुरुवातीला मी भांडायचे, आई, मी मृणाल, म्हणून ओरडायचे. ती घाबरायची. मग सोडून दिलं.

समिधा हसली तेव्हा मला जे सांगायचं होतं ते आता सांगते. मला बँकॉकची देवळं बघायची नाहीत. नदी बघेन, समोर आली तर. ममता मला मृणाल म्हणते. नीलम तर मृणे म्हणते, भर रस्त्यात, ओरडून. मला पाच दिवस हाका ऐकायच्या आहेत. त्यासाठी भाईंदर ते दादर पुरलं असतं असं तू म्हणशील, पण तिथून मी संध्याकाळी परत आले असते.

तर शशी, ९ तारखेला ये. शशी म्हणून येऊ नकोस. तो रोज दिवेलागणीला येतो आणि त्याचं बरं चाललंय. तू तो नखं काढणारा माणूस म्हणून ये. फोन वाजला की उचलून तिच्या हातात दे आणि समोर बसून राहा. ती त्याच्याशी तुझ्याबद्दल बोलेल. चांगलं बोलेल. ऐकवणार नाही, मला ठाऊक आहे. पहिले काही दिवस जिन्यात जाऊन उभं राहावं लागतं. बाळाराम तिथे असतात, ते काही विचारत नाहीत.

तुला जमणार नसेल तर ममताला सांगेन, तिकिटाचं काय ते होईल. यावेळी मी आग्रह करत नाही. काल तुझा चेहरा पाहिला.

पण उजवा हात ती मला देत नाहीये, हे लक्षात ठेव.

आल्यावर तिच्यासमोर मला ताई म्हणू नकोस, ती गोंधळते. बाईच म्हण.

पत्रात तरी तुझी,
ताई